वीर्याच्या रिपोर्टात ‘पस सेल्स’ आल्या, तर पुढे काय करायचं

लॅबच्या कागदावर ‘पस सेल्स ८–१०’, म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशी, असं लिहून येतं. दवाखान्यात तो कागद दाखवला की पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी मिळते. कोर्स संपतो, पुन्हा तपासणी होते, पेशी तेवढ्याच, मग दुसरं अँटिबायोटिक. या फेऱ्यांत अनेक जोडप्यांची दोन-दोन वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात बायकोचं वय वाढतं, जे कुठल्याच गोळीने मागे येत नाही.

त्या ओळीचा अर्थ एवढाच, की सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशी दिसल्या. त्या पांढऱ्या पेशीच असतील असं नाही. पांढऱ्या असल्या तरी जंतू जिवंत असतीलच असं नाही. आणि जंतू मेले म्हणून त्यांच्यावर सुटलेली फौज घरी गेली असंही नाही. म्हणून गोळीला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: जंतू अजून आहेत, की जंतू जाऊन सूज राहिली आहे, की दोन्ही संपून मागे बंद झालेली नळी किंवा अँटिबॉडी उरली आहे? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पुढचं सगळं हे ठरवण्यासाठीच.

शरीर आपल्याच शुक्राणूंवर का उलटतं

आपलं कोण, परकं कोण ही ओळख प्रतिकारशक्ती बाळपणीच करून घेते. शुक्राणू तयार व्हायला लागतात ते वयात येताना. म्हणजे तिच्या लेखी ते परकेच. म्हणून वृषणात सर्टोली नावाच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून भिंत उभी करतात आणि शुक्राणूंची घडण त्या भिंतीआड चालते. भिंत शाबूत आहे तोवर रक्तातल्या पेशींना आत काय चाललंय ते कळतच नाही.

पुढे अधिवृषण लागतं. वृषणाच्या पाठीला चिकटलेली ही वेटोळ्यांची एकच नळी, सरळ केली तर साधारण ६ मीटर भरते. इथे शुक्राणू पोहायला शिकतात. वृषणापेक्षा इथली तटबंदी बरीच पातळ आहे, आणि मूत्रमार्गातून उलट वर चढणारे जंतू आधी इथेच पोचतात. सूज उतरल्यावर मागे व्रण राहिला तर एवढ्या बारीक नळीचा रस्ता एका ठिकाणी मिटला तरी पुरतं. दोन्ही बाजूंना तसं झालं तर वृषण नीट काम करत असूनही वीर्यात एक शुक्राणू सापडत नाही.

नुकसान चार वाटांनी होतं. पहिली वाट थेट जंतूंची. ई. कोलाय आपल्या अंगावरच्या बारीक तंतूंनी शुक्राणूंना धरतो, त्यांचे पुंजके होतात आणि पोहणं थांबतं. दुसरी वाट जास्त महत्त्वाची: जंतू मारायला आलेल्या पांढऱ्या पेशी ज्या फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे प्राणवायूच्या भडक कणांचा, मारा करतात, त्यात शुक्राणूही भाजले जातात. कोकणातल्या माणसाला हे समजायला सोपं आहे. तारली, बांगडा हे तेलकट मासे हवेवर ठेवले तर लवकर खवट होतात, कारण त्यांच्या तेलातली ओमेगा-३ प्रकारची चरबी प्राणवायूने चटकन बिघडते. शुक्राणूच्या आवरणात त्याच जातीची चरबी भरपूर असते. बाकीच्या पेशींजवळ हा मारा झेलायला आत द्रव आणि एन्झाइम असतात. शुक्राणूने पोहण्यासाठी अंग हलकं करताना तो सगळा साठा टाकून दिलेला असतो. आवरण खवट झालं की शेपटी चालत नाही, आणि डोक्यातल्या डीएनएचे तुकडे पडतात. डीएनए तुटलेला शुक्राणू नेहमीच्या तपासणीत धडधाकट दिसू शकतो.

तिसरी वाट व्रणाची, ती वर आलीच. चौथी अँटिबॉडीची. संसर्गाने, मार लागून, वृषणाला पीळ पडून किंवा नसबंदीनंतर भिंत फुटते, शुक्राणू रक्ताच्या नजरेस पडतात आणि त्यांच्याविरुद्ध आयजीजी, आयजीए या अँटिबॉडी तयार होतात. त्या शुक्राणूला चिकटल्या की तो गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावात अडकतो. पुढे जात नाही, जागेवरच थरथरत राहतो. जंतू मारून या अँटिबॉडी जात नाहीत. इथेच दुसरं-तिसरं अँटिबायोटिक वाया जातं.

कोणते जंतू, कुठून येतात

३५ च्या आतल्या पुरुषाला एका बाजूचं अधिवृषण सुजलं तर पहिला संशय शरीरसंबंधातून येणाऱ्या जंतूंचा घ्यायचा: क्लॅमिडिया आणि परमा, म्हणजे गोनोरिया. परम्यात लघवीच्या जागेतून पू येतो, जळजळ होते, त्यामुळे माणूस निदान दवाखाना गाठतो. क्लॅमिडिया अनेकांना काहीच त्रास देत नाही. महिनोन्‌महिने मुक्काम करतो, नवऱ्याकडून बायकोकडे जातो आणि तिथे गर्भनलिका खराब करतो. ३५ नंतर आतड्यातले जंतू जास्त सापडतात, मुख्यतः ई. कोलाय, आणि त्यांच्या मागे बहुधा प्रोस्टेटचा त्रास किंवा अडखळत होणारी लघवी असते.

युरियाप्लाझ्मा नावाच्या जंतूबद्दल सबुरी हवी. तो धडधाकट, मुलंबाळं असलेल्या पुरुषांतही सापडतो. तो सापडला एवढ्यावर सगळं खापर त्याच्या माथी फोडू नये.

क्षयाला मात्र विसरून चालणार नाही. अधिवृषणात गाठी, हाताला मण्यांच्या माळेसारखी लागणारी शुक्रवाहिनी, वीर्य कमी आणि आम्लधर्मी, घरात कुणाला टीबी झालेला, अशी चिन्हं जुळली तर क्षयाची तपासणी आधी. एक चूक इथे फार महाग पडते: क्षयाचा संशय असताना लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी आधीच सुरू केली तर ती क्षयाच्या जंतूलाही थोडी दाबते, तपासणी निर्मळ येते आणि निदान लांबतं. आधी नमुने, मग गोळी.

घरी शेळ्या आहेत, दूध न उकळता प्यायलं जातं, शेळी गाभडली तेव्हा हाताने वार काढली, असं काही असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. ब्रुसेलाचा जंतू अशा वाटेने येतो. चढ-उतार होणारा ताप, सांधेदुखी आणि सुजलेलं वृषण असं त्याचं रूप असतं. त्याला दोन औषधं मिळून सहा आठवडे लागतात, आठ दिवसांच्या कोर्सने तो दबतो आणि पुन्हा उठतो.

गालगुंड हा जंतूंचा नव्हे, विषाणूचा आजार, पण इतिहासात विचारायचाच. वयात आल्यावर गालगुंड झाले आणि त्यात वृषण सुजलं असेल तर वृषण आक्रसू शकतं.

डॉक्टरकडे जाण्याआधी वहीत काय लिहायचं

‘वर्षभर प्रयत्न करतोय’ हे वाक्य कोकणात तपासून घ्यावं लागतं. नवरा मुंबईला, बायको गावी, भेट गणपतीत, मे महिन्यात आणि शिमग्यात. लग्नाला तीन वर्षं झाली असली तरी हे वर्षभराचे प्रयत्न होत नाहीत. एकत्र राहून, दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवून १२ महिने, हा हिशेब आहे. बायकोचं वय ३५ च्या वर असेल तर ६ महिने. त्याआधी संसर्गाची चिन्हं असतील, वृषण सुजून गेलं असेल किंवा लहानपणी वृषण खाली न उतरल्याचं ऑपरेशन झालं असेल, तर मात्र वाट बघायची नाही.

वहीत हे लिहा: लघवीला जळजळ किंवा पू कधी आला, वृषण कधी सुजलं, कोणत्या बाजूचं, हर्नियाचं, हायड्रोसिलचं ऑपरेशन, मार, टीबी, गेल्या तीन महिन्यांतला कुठलाही मोठा ताप, मधुमेह, तंबाखू, व्यायामशाळेत घेतलेली इंजेक्शनं. शेवटची ओळ लपवू नका. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं ताकद वाढवतात असं वाटतं, पण बाहेरून हार्मोन मिळाला की मेंदू वृषणाला दिलेला हुकूम मागे घेतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. पावसात लेप्टोसाठी आठवड्याला एकदा डॉक्सीसायक्लिन घेतलं असेल तर तेही लिहा. त्याने क्लॅमिडियाचा पूर्ण उपचार होत नाही, पण कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी, मात्र खोटं निर्मळ येऊ शकतं.

लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड यांपैकी काही झालं असेल तर ताप गेल्यापासून तीन महिने वीर्यतपासणी टाळावी. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, वर अधिवृषणातला प्रवास. भाद्रपदात दिसणारे शुक्राणू ज्येष्ठ-आषाढात घडायला लागलेले असतात. तापाने भाजलेला माल बाहेर पडून जाईपर्यंत रिपोर्ट वाईटच येणार, आणि त्या रिपोर्टवर आयुष्याचे निर्णय होऊ नयेत.

आणि हे सगळं नवऱ्याने सुरुवातीलाच करायचं. जोडप्याच्या अडचणीत पुरुषाचा वाटा साधारण निम्म्या वेळा असतो. बायकोची सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीचं ऑपरेशन, देवाला नवस, एवढं होऊनही नवऱ्याची साधी वीर्यतपासणी झालेली नसते, हा अन्याय आहे. तिच्या तपासण्यांना चिरफाड लागते, त्याच्या तपासणीला एक डबी पुरते.

नमुना देताना

शेवटच्या वीर्यपतनानंतर किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस गेलेले असावेत. किती दिवस ते फॉर्मवर लिहा, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच दिवसांनी द्या, म्हणजे दोन रिपोर्ट एकमेकांशी ताडता येतात.

कल्चरही करायचं असेल तर आधी लघवी करा. हात आणि लिंग साबणाने धुवा, साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी घ्या, स्वच्छ कपड्याने टिपून कोरडं करा. साबणाचा अंश शुक्राणूंना मारतो आणि न धुतलेल्या कातडीवरचे जंतू कल्चरमध्ये उगवतात. कल्चरची डबी निर्जंतुक हवी आणि तिच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये.

नमुना हस्तमैथुनाने, थेट डबीत. तेल, थुंकी, जेली काही नाही. बाजारातलं नेहमीचं निरोध चालत नाही, त्यातल्या रबराने शुक्राणूंची हालचाल मरते. लॅबमध्ये जमतच नसेल तर खास तपासणीसाठीचं निरोध मिळतं, ते मागा. पहिला थेंब सांडला तर लपवू नका, सांगून टाका: सर्वांत जास्त शुक्राणू पहिल्याच भागात असतात, तो गेला की काऊंट निष्कारण कमी दिसतो.

शक्यतो लॅबच्याच खोलीत द्या. घरून आणायचं तर अर्ध्या तासात, फार तर एका तासात लॅबच्या हातात पडलं पाहिजे, आणि वाटेत २० ते ३७ अंशांच्या दरम्यान राहिलं पाहिजे. संगमेश्वरच्या आतल्या वाडीतून रत्नागिरी किंवा चिपळूण, किंवा आंबोलीवरून खाली उतरून सावंतवाडी, पावसात हा हिशेब जमत नाही. नमुना बर्फात किंवा मासळीच्या थर्मासमध्ये आणणं ही नेहमीची चूक आहे. थंडीने शुक्राणूंची हालचाल कायमची जाते. उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत तापून मरतात ते वेगळं. डबी सदऱ्याच्या आत, अंगाला लागून ठेवायची. कल्चरसाठीचा नमुना तीन तासांच्या आत लावला गेला पाहिजे, म्हणून लॅब तो स्वतः लावते की दुसऱ्या शहराला पाठवते, हे आधीच विचारा. पाठवत असेल तर वीर्यतपासणी इथे आणि कल्चर मोठ्या लॅबमध्ये प्रत्यक्ष जाऊन, अशी विभागणी बरी.

क्लॅमिडिया आणि परम्याची तपासणी लघवीवर होते आणि तिचे नियम अगदी उलटे आहेत. किमान एक तास लघवी केलेली नसावी, जागा धुवायची नाही, आणि धारेची सुरुवातीची २० ते ३० मिलिलिटर लघवी पकडायची, कारण मूत्रमार्गाच्या भिंतीवरचे जंतू तीच धुऊन आणते. साध्या लघवीच्या कल्चरला मात्र मधली धार लागते. दोन्ही तपासण्या एकाच डबीवर केल्या तर एक हमखास चुकते. ही क्लॅमिडियाची तपासणी जंतूचा जनुकीय अंश शोधते. क्लॅमिडिया पेशीच्या आत राहतो, त्यामुळे साध्या कल्चरमध्ये तो उगवतच नाही. ‘कल्चर निर्मळ’ याचा अर्थ ‘क्लॅमिडिया नाही’ असा होत नाही.

रिपोर्ट वाचताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिलिलिटर, शुक्राणू मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, जिवंत ५४ टक्के, नीट घडणीचे ४ टक्के. वर्षभरात मूल राहिलेल्या बापांच्या नमुन्यांवरून हे आकडे काढले आहेत, आणि त्या बापांतले १०० पैकी ५ जण या रेषेच्या खालीच होते. ‘४ टक्केच नॉर्मल’ वाचून रात्रीची झोप घालवू नका. एका रिपोर्टवर काही ठरवूही नका, दोन तरी हवेत.

आता पस सेल्स. ‘प्रति हाय पॉवर फील्ड ८–१०’ या आकड्यावरून मिलिलिटरला किती ते कळत नाही. लॅबला दोन गोष्टी मागा: गोल पेशी मिलिलिटरला किती, आणि त्या १० लाखांच्या वर असतील तर पेरॉक्सिडेज रंगाची तपासणी. अपुऱ्या वाढीचे शुक्राणूही गोलच दिसतात, आणि नुसत्या डोळ्याने बघणारा त्यांना सहज पस सेल्स म्हणतो. पेरॉक्सिडेजने रंगलेल्या पेशी १० लाखांच्या वर असल्या तरच पांढऱ्या पेशी वाढल्या असं म्हणायचं. न रंगणाऱ्या असतील तर दोष शुक्राणू घडण्यात आहे आणि अँटिबायोटिकचा काहीएक संबंध नाही. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी तपासणी इतक्या कमी वेळा सांगितली जाते, याचं वाईट वाटतं.

पांढऱ्या पेशी खरोखर वाढल्या असतील तरी अनेकांच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही. तंबाखू, दारू, व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा), नुकताच गेलेला आजार, हीही कारणं असतात. कल्चरमध्ये मूत्रमार्गातला एकच जंतू मिलिलिटरला १००० किंवा जास्त वसाहतींनी उगवला तर त्याला किंमत द्यायची. तीन-चार जातींचे थोडेथोडे जंतू उगवले तर ते बहुतेक कातडीवरचे आहेत. नमुना पुन्हा द्या.

शुक्राणू शून्य आले तर वीर्याचं आकारमान बघा. वीर्याचा फार थोडा भाग वृषणाकडून येतो, बाकी सगळं वीर्यकोश आणि प्रोस्टेटचं. म्हणून अधिवृषणात नळी मिटली तर वीर्य नेहमीइतकंच येतं, रंगरूप तेच, फक्त आत शुक्राणू नसतात. अशा वेळी वृषणाचा आकार आणि एफएसएच (वृषणाला शुक्राणू घडवायला लावणारा) हार्मोन ठीक असेल तर अडथळ्याचा संशय पक्का होतो. वीर्य १ मिलिलिटरच्या आसपास, सामू (पीएच) ७.२ च्या खाली आणि फ्रुक्टोज, म्हणजे वीर्यकोशातून येणारी साखर, नाही, असं असेल तर अडथळा खाली, वीर्यकोशाच्या तोंडाशी आहे. तिथे क्षय डोक्यात ठेवायचा.

अँटिबॉडीसाठी ‘मार’ (MAR) नावाची तपासणी असते. पहिल्याच भेटीत ती करू नका. शुक्राणूंचे पुंजके दिसत असतील, किंवा काऊंट चांगला असून हालचाल कमी असेल, आणि तिच्या निकालाने उपचार बदलणार असेल, तरच. हलणाऱ्या शुक्राणूंपैकी ५० टक्के किंवा जास्तींवर अँटिबॉडी चिकटलेल्या असतील तर ती अडचण खरी मानली जाते. इक्सी, म्हणजे प्रयोगशाळेत शुक्राणू थेट बीजात सोडणं, करायचं आधीच ठरलं असेल तर ही तपासणी म्हणजे फुकटचा खर्च.

औषध

डोस डॉक्टर ठरवतील. इथे फक्त कोर्स फसतो कुठे तेवढं.

क्लॅमिडियाला सहसा डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. अधिवृषण सुजलं असेल तर १० दिवस आणि सोबत परम्यासाठी एक इंजेक्शन. गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. दूध, लोहाच्या गोळ्या, आम्लपित्ताचं औषध यांच्याबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. पेजेबरोबर चालते. या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते. होडीवर दिवसभर उघड्यावर काम करणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी घातली नाही तर भाजल्यासारखी होते, मग माणूस चौथ्या दिवशी गोळी सोडतो.

प्रोस्टेटच्या जुन्या संसर्गाला ४ ते ६ आठवडे लागतात, कारण त्या ग्रंथीत फार थोडी औषधं शिरतात. त्यासाठी दिली जाणारी लिव्होफ्लॉक्सासिनची जात स्नायूबंध कमजोर करू शकते. जाळी ओढणाऱ्या, नांगर उचलणाऱ्या खलाशाने टाचेच्या वरची शीर दुखायला लागली तर काम थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावं.

ट्रॉलरवर आठ-दहा दिवसांसाठी जाणाऱ्याने गोळ्या मोजून, फेरीचे दिवस अधिक दोन एवढ्या, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत घ्याव्यात. खाऱ्या हवेत उघडी पट्टी खराब होते. त्यापेक्षा उत्तम म्हणजे १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत कोर्स करणं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघांची औषधं, आणि तीन महिने मोजून सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा तपासणी.

दोघांची, हा शब्द महत्त्वाचा. नवऱ्याने मुंबईत गोळ्या संपवल्या, बायको गावी तशीच राहिली, गणपतीत भेट झाली, जंतू परत. दोघांचं औषध एकाच आठवड्यात व्हायला हवं आणि दोघांचा कोर्स संपेपर्यंत, किमान ७ दिवस, संबंध बंद किंवा निरोध. बायकोला दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर आधी गर्भाची चाचणी. डॉक्सीसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत, तिच्यासाठी अझिथ्रोमायसिन असतं. घरी सांगायचं कसं, हा प्रश्न खरा आहे. क्लॅमिडिया वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, त्यामुळे आज सापडला म्हणजे कुणी आज काही केलं असं सिद्ध होत नाही, हे डॉक्टरांकडून दोघांनी मिळून ऐकावं. ओळखीच्या दवाखान्यात जायला संकोच वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक आहे. तिथे गुप्तरोगांची तपासणी आणि औषध मोफत मिळतं आणि नाव बाहेर जात नाही.

क्लॅमिडियाची फेरतपासणी कोर्सनंतर चार आठवड्यांच्या आत करू नका. मेलेल्या जंतूंचे अंश तपासणीत येतात आणि उगाच दुसरा कोर्स सुरू होतो.

क्षय निघाला तर औषधं सरकारी यंत्रणेतून मोफत, साधारण सहा महिने. निक्षय या सरकारी क्षयनोंदणीच्या पोर्टलवर नोंद झाली की पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. रिफाम्पिसिनने लघवी आणि वीर्य नारिंगी होतं, घाबरू नये. क्षय बरा झाला तरी बंद झालेली नळी औषधाने उघडत नाही, हे आधीच माहीत असावं.

जंतू नाहीत आणि सूज तेवढी आहे अशांनी तंबाखू-मिश्री बंद करावी, दारू सोडावी, मधुमेह आटोक्यात आणावा. अँटिऑक्सिडंटच्या महागड्या पाकिटांवर फार भिस्त ठेवू नये. फ्री रॅडिकल्सचा सिद्धांत ऐकल्यावर ती चालायलाच हवीत असं वाटतं, पण अमेरिकेतल्या ‘मोक्सी’ चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, ना शुक्राणू सुधारले ना गर्भधारणा वाढली.

अँटिबॉडी किंवा बंद नळी उरली तर

अँटिबॉडी दाबायला पूर्वी स्टेरॉइड जास्त प्रमाणात देत. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्यासारखे दुष्परिणाम होतात आणि फायदा अनिश्चित, म्हणून आता ती वाट सरसकट घेत नाहीत. कुणी महिनोन्‌महिने स्टेरॉइड सांगत असेल तर दुसरा सल्ला घ्या. अँटिबॉडी कमी असतील तर धुतलेले शुक्राणू गर्भाशयात सोडण्याचे, म्हणजे आययूआयचे, तीन-चार प्रयत्न करता येतात. जवळजवळ सगळ्या शुक्राणूंवर त्या बसल्या असतील तर इक्सी, कारण तिथे शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात आणि पोहण्याचा, स्रावात अडकण्याचा प्रश्नच उरत नाही.

नळी बंद असेल तर अधिवृषणातून किंवा वृषणातून शुक्राणू काढून इक्सी करता येतं, किंवा सूक्ष्मशस्त्रक्रियेने नळी जोडता येते. बायको तरुण असेल आणि पुढेही मुलं हवी असतील तर जोडणीचा विचार जरूर व्हावा. जोडणी करतानाच निघालेले शुक्राणू गोठवून ठेवायला सांगा. २०२१ च्या कायद्याने आययूआय, इक्सी करणाऱ्या आणि शुक्राणू गोठवणाऱ्या केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीपत्र भिंतीवर नसेल तर मागून बघा.

वृषण अचानक दुखलं तर

संसर्गाचं दुखणं एक-दोन दिवसांत हळूहळू वाढतं, सोबत ताप, लघवीला जळजळ. काही मिनिटांत सुरू झालेली असह्य कळ, उलटी, एका बाजूचं वृषण वर ओढल्यासारखं, विशेषतः पोराला किंवा तरुणाला, हा पीळ असू शकतो. रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर वृषण वाचतं. वेंगुर्ल्याच्या किंवा हर्णैच्या किनाऱ्यापासून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंतचा वेळ त्या सहा तासांतच मोडतो. शंका असेल तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही, १०८ ला फोन करायचा, आणि ऑपरेशन लागेल म्हणून पोराला वाटेत खायला-प्यायला काही द्यायचं नाही.